तेवीस सह्यांची सुपारी

वादळाला सातबारा वाचता येत नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन-मुरुडकडच्या वाड्यांतल्या माडपोफळी एकाही खातेदाराची परवानगी न घेता आडव्या करून गेलं. भरपाईचं तसं नसतं. ती रीतसर येते.

फळबागेला हेक्टरी 50 हजार रुपये जाहीर झाले, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. आकडा भरघोस. फक्त कोकणातली वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यांत असते. हेक्टरात गुंठे शंभराच्या आसपास. म्हणजे गुंठ्याला 500 रुपये. गुंठ्यात पोफळी बसतात तेरा-चौदा. एका पोफळीचे झाले पस्तीस-चाळीस रुपये. रोप लावल्यापासून सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात, तेव्हा वर्षाकाठी सहा-सात रुपये.

तेही घ्यायला आपला बागायतदार निघाला. वाडी बारा गुंठे, भरपाई सहा हजार. तलाठ्यानं उतारा काढला आणि शांतपणे विचारलं, "बाकीच्यांचं संमतीपत्र?"

बाकीचे म्हणजे सातबाऱ्यावरची उरलेली बावीस नावं. कोकणात जमीन वाटली जात नाही, नावं वाढत जातात. पहिलं नाव पणजोबांचं. ते कधीच वारले, पण वारसनोंद न झाल्यामुळे महसुली दृष्टीनं अजून पोफळी शिंपताहेत. त्यांची सही आणायची, तर आधी वारस लावायचे. वारस लावले की बाविसाचे एकतीस होतात. दोन चुलते डोंबिवलीला, एक नालासोपाऱ्याला. आत्या बडोद्याला, आणि तिला माहेरच्या फणसाचा वाटा न मिळाल्याचा राग पंचवीस वर्षं ताजा. एक पुतण्या दुबईत. एका नावापुढे नुसतंच 'अज्ञान', म्हणजे अल्पवयीन, लिहिलेलं. तो अज्ञान मुलगा आता नातवंडं खेळवतो. बरं, वेळ कुठली? करोनाच्या टाळेबंदीची. लोकल बंद, जिल्ह्याबाहेर पडायला ई-पास, आणि मुंबईचा चाकरमानी गावात उतरला की चौदा दिवस शाळेत मुक्काम. म्हणजे एका चुलत्यानं सहीसाठी यायचं, तर चौदा दिवस फळ्यासमोर बसायचं. कशासाठी? सहा हजार भागिले तेवीस, दोनशे एकसष्ट रुपयांसाठी. संमतीपत्र स्टॅम्पपेपरवर हवं असेल, तर त्यातले शंभर आधीच गेले. मग आधारची झेरॉक्स. तीही दोन्ही बाजूंची, कारण मागच्या बाजूला पत्ता असतो, आणि ज्याचा पत्ता लागत नाही म्हणून महिना गेला, त्याचा पत्ता कार्यालयाला हवाच असतो!

आणि या सगळ्यात ज्यानं वाडी शिंपली, पाडेली बोलावून सुपारी उतरवली, वादळानंतर ओंडके तोडून वाट मोकळी केली, तो एकटाच इथे उभा आहे. त्याचा पंचनामा झाला आहे, पडलेल्या झाडांसह फोटो झाला आहे. वाडी कोण करतो, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण पोराचं सांगणं जोडपत्रात बसत नाही. मेलेल्याची सही चालते का विचारा, त्यावर विचार होईल. जिवंत माणसाचे घट्टे पडलेले हात पुरावा म्हणून चालत नाहीत.

शेजारच्या कोळीवाड्यात सह्यांची कटकट नाही, तिथे वाट पाहण्याची आहे. होडीच्या डिझेलवरचा कर परत मिळतो. आधी पूर्ण पैसे मोजायचे, बिलं सोसायटीत द्यायची, मग थांबायचं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर, हात जाळ्यात आणि डोळे परताव्याकडे. भरती-ओहोटी पंचांगात सापडते, परतावा सापडत नाही.

बागायतदारानं शेवटी डोंबिवलीला फोन लावला. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सही देतो म्हणाले. आत काकूंना काहीतरी विचारलं आणि पुन्हा फोनवर आले.

"काय रे, पडल्या त्या पोफळी नक्की कुणाच्या वाट्यातल्या?"