श्रावणातलं मखर आणि तुमची दहा बोटं

चवथीला यंदा मखर घरीच करायचं ठरवलंत, अभिनंदन. आता दोडामार्गाच्या बाजारात जा. दुकानदाराला ‘चिकटवायला कायतरी द्या’ असं सांगू नका, तो देईल. लाकडासाठी सुताराचा पांढरा गम मागा. डबा कुठल्याही कंपनीचा मिळो, तोंडाने मात्र फेविकॉलच म्हणायचं. १९५९ पासूनचा रिवाज आहे.

हा गम त्यातलं पाणी गेलं की धरतो. पाणी जातं थोडं लाकडात, थोडं हवेत. श्रावणात तिलारीच्या खोऱ्यातल्या हवेत आणखी थेंबालाही जागा नसते आणि तुम्ही आणलेली फणसाची फळी परवाच गिरणीतून कापून आलेली असते. तेव्हा डब्यावर लिहिलेले तास कोरड्या मुलखातले समजा आणि दुप्पट थांबा. फळ्या आधी चुलीवरच्या माळ्यावर टाकून वाळवा. गम पातळ लावा, फळ्या घट्ट दाबा. शिकंजा नसेल तर सुतळी गुंडाळून तिच्यात दांडकं अडकवा आणि पिळा. बाहेर आलेला गम ओल्या फडक्याने लगेच पुसा, नाहीतर पॉलिश तिथे बसणार नाही आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याची नजर तिथेच जाईल. फळीचं कापलेलं टोक दुसऱ्या फळीला नुसतं टेकवून चिकटवू नका. टोक गम पिऊन टाकतं आणि सांधा कोरडाच राहतो.

मग तुमचा धीर सुटेल आणि तुम्ही फेविक्विकची नळी आणाल. हिचा स्वभाव उलटा: ओलावा मिळाला की ही घट्ट होते. सिंधुदुर्गासारखा जिल्हा तिला शोधून सापडणार नाही. हॅरी कूव्हर या अमेरिकन रसायनतज्ज्ञाला १९४२ साली बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक हवं होतं. हे द्रव्य दिसेल त्याला चिकटायला लागलं म्हणून त्याने बाजूला टाकलं. तुम्हालाही तेच सुचेल, पण तोवर नळी हाताला असेल. सुती हातमोजे घालू नका, कापसाशी गाठ पडली की ते तापतं. घरातली वडीलधारी खोबरेल तेल पुढे करतील. ते फणसाच्या चिकाला. इथे नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन लागतं, म्हणजे आधी वहिनींची परवानगी.

रबरी सोल्युशनने थर्माकोल चिकटवायला जाल तर सोल्युशन थर्माकोल खाऊन टाकेल. तशीही २०१८ पासून राज्यात त्याच्या सजावटीला बंदी आहे.

कागदी फुलांसाठी चिंचोक्याची खळ करा. सावंतवाडीचे चितारी गंजिफाच्या पानांना तीच वापरत आले. चिंचोके भाजा, भिजवा, सोला, वाटा, शिजवा. झुरळांनाही ती आवडते, म्हणून जुने लोक तिच्यात चिमूटभर मोरचूद घालत. मोरचूद विषारी, टोप पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

ओल्या भिंतीला टेकणाऱ्या चौकटीला अ‍ॅरल्डाइट लावा. दोन नळ्या, समान भाग. पाणी उडण्याची वाट पाहावी लागत नाही. माझं मत विचाराल तर पावसाळ्यात हेच खरं, पण महाग आहे. आधी तुकडे जुळवून ठेवा, मग मिसळा. झटपट सुकणारं असेल तर पाच मिनिटांत ते वाटीतच दगड होतं.

एवढं करून चवथीच्या आदल्या रात्री कोपरा सुटला, तर शेजारचे काका येतीलच. ‘खिळो मार आणि मोकळो हो.’ मारा. फक्त खिळ्याचं टोक आधी हातोडीने जरा बोथट करून घ्या, फळी चिरत नाही. हे काकांना सांगायचं नाही.