चित्रपटाची प्रत : वर्ग-१ आणि वर्ग-२

चित्रपटाच्या घरगुती प्रतीचे दोन प्रकार आहेत. एक हातात येते, दुसरी येत नाही. पहिल्या प्रकारात व्हीसीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे मोडतात. दुसऱ्यात मोबाइलवर ‘विकत’ घेतलेला चित्रपट आणि वर्गणी भरली तोवर दिसणारा चित्रपट. धाराशिव जिल्ह्यात हा भेद समजावून सांगायला फार शाई लागत नाही. सातबाऱ्यावरच्या भोगवटादार वर्ग-१ आणि वर्ग-२ यांतला फरक इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. वर्ग-१ची जमीन मालकाने वाटेल तेव्हा विकावी. वर्ग-२ची नांगरायची, पेरायची, राखायची आपण, पण विकायला परवानगी वरून आणायची. डिस्क ही वर्ग-१ आहे आणि डिजिटल प्रत वर्ग-२. फरक एवढाच की परवानगी देणारे जिल्हाधिकारी धाराशिवात बसतात आणि चित्रपटाचे अमेरिकेत. तिथे कचेरीपुढे मंडप टाकून उपोषणाला बसण्याची सोय नाही.

डिस्कचा मराठवाड्यातला सुकाळ २००७ च्या सुमारास सुरू झाला. त्या वर्षी मोझर बेअर कंपनीने अस्सल व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. बस स्टँडवरच्या टपरीत वडापावाच्या शेजारी सिनेमा टांगलेला दिसू लागला. व्हीसीडीच्या एका तबकडीवर जेमतेम सव्वा तासाचा मजकूर मावतो, त्यामुळे एक चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांत विकला जाई आणि ऐन मारामारीत कुणाला तरी उठावे लागे. भारनियमनाच्या काळात तेही कष्ट वाचत. वीज मंडळच मध्यंतर करी.

डिस्कची निगा हा स्वतंत्र विषय आहे. ती मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसायची असते; जिल्ह्यात ती शर्टाच्या टोकाने गोलगोल पुसली जाते. गोल ओरखडा वाचकयंत्राच्या वाटेवरच लांबवर पसरतो, त्यामुळे नायक पायरीवर एक पाय उचलून तिथेच थांबतो. मग टूथपेस्ट लावली जाते. तिने डिस्क सुधारल्याचे ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण सुधारलेली डिस्क सहसा शेजारच्या गावात असते.

डिस्क कायमची खराब झाली तरी वाया जात नाही, आणि इथे तिने डिजिटल प्रतीला साफ मागे टाकले आहे. ज्वारी हुरड्यात आली की पाखरांचे थवे रानात उतरतात. अशा वेळी दोऱ्याला टांगलेली डिस्क उन्हात लखलखते आणि पाखरू बिचकते. तिच्या आधी हे काम कॅसेटची रीळ करीत असे. धुऱ्याला ताणून बांधली की ती वाऱ्याने गुणगुणे. ज्याच्या अभिनयाने थिएटरात कुणी हलले नाही, असा नट चार एकरांतली चिमणी हाकलू शकतो. महिना १४९ किंवा २९९ ची वर्गणी कशालाही टांगता येत नाही.

डिस्कचा खरा दोष वेगळाच आहे. ती मालकाची, पण तिला वाचणारे यंत्र बाजारातून उठत चालले आहे. नव्या लॅपटॉपला तिच्यासाठी कप्पा नसतो. एलजीने ब्लू-रे प्लेअर बनवणे २०२४ मध्ये थांबवले. मोझर बेअर तर २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघून अवसायनात गेली. तिची डिस्क मात्र अजून वाजते, ही गोष्ट पुढील भागासाठी लक्षात ठेवावी.

डिजिटल प्रतीत कंपनी जिवंत असली तरी चित्रपट जाऊ शकतो. यूट्यूबवर भाड्याने घेतलेला चित्रपट ३० दिवसांत सुरू करायचा आणि सुरू केल्यावर ४८ तासांत संपवायचा असतो. पाहुणे आले, लाईट गेली, रेंज गेली, या सबबी करारात नाहीत. ‘विकत’ घेतलेल्या चित्रपटाचीही हमी नाही. डिजिटल पुस्तकांच्या बाबतीत हे घडूनही गेले आहे: २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून ऑर्वेलचे ‘१९८४’ हे पुस्तक परस्पर काढून घेतले आणि पैसे परत केले. काढून घ्यायला नेमके हेच पुस्तक सापडावे! अखेर कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला की डिजिटल प्रत हा केवळ परवाना आहे हे स्पष्ट सांगितल्याशिवाय दुकानदाराने ‘खरेदी’ म्हणू नये. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. गिऱ्हाईक पूर्वीइतकेच भूमिहीन आहे, पण आता त्याला तसे लेखी कळवले जाते.

वर्गणीदाराची स्थिती आणखी हलती. एचबीओच्या मालिका ३१ मार्च २०२३ नंतर हॉटस्टारवरून उठल्या आणि जिओसिनेमावर गेल्या. तिथे वर्गणी भरून लोक स्थिरस्थावर होत होते, तोच १४ फेब्रुवारी २०२५ रोजी दोन्ही ॲप एक झाले. मालिका कुठे गेल्या हे शोधणाऱ्याने काहीच केले नसते तरी त्या आपोआप परत आल्या असत्या.

तिसरा प्रकार कोणत्याही वर्गात बसत नाही; सातबाऱ्याच्या भाषेत त्याला अतिक्रमण म्हणता येईल. मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड द्यावे, चहा घेऊन यावे, कार्ड भरलेले असे. परंड्याच्या शेजारी करमाळा तालुक्यात चित्रित झालेला ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला आणि अनेकांनी तो चार इंची पडद्यावर पाहिला. तरीही तो शंभर कोटींची कमाई करणारा पहिला मराठी चित्रपट ठरला, म्हणजे काहींनी तिकीटही काढले असावे. चित्रपट कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनुसार चोरून चित्रण किंवा प्रसारण केल्यास किमान तीन महिने कैद आणि तीन लाखांपासून पुढे दंड आहे. कार्ड भरण्याचा दर ही दुरुस्ती झाल्याने वाढल्याचे दिसत नाही. दुकानेच टेलिग्रामवर गेली.

वस्तुरूप प्रत अमर असते असाही समज नको. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या चित्रपटांची कितीतरी रिळे जळाली. देशातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ चा. त्याची एकही प्रत उपलब्ध नाही.

राहिला वारसाहक्क. डिजिटल खात्याचा फेरफार होत नाही, कारण करार बहुधा अहस्तांतरणीय असतो आणि ओटीपी मयताच्या मोबाइलवर येतो. रिचार्ज संपला की काही महिन्यांनी तो नंबर भलत्याच माणसाला मिळतो. डिस्क मात्र इतर चीजवस्तूंबरोबर वाटणीला येते. दोन तबकड्यांच्या व्हीसीडीत पहिली थोरल्याकडे आणि दुसरी धाकट्याकडे गेल्यास थोरल्याच्या घरी खून होतो, धाकट्याच्या घरी खुनी सापडतो, आणि दोन्ही भावांची बोलाचाली नसेल तर तलाठ्याचाही इलाज चालत नाही.