कोरियन पिक्चरवर मत कसं द्यावं?
(नवशिक्या धाराशिवकरांसाठी)

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकू. मत द्यायला पिक्चर बघावाच लागतो असं नाही. अख्खी गोष्ट पंधरा मिनिटांत हिंदीतून सांगणारे व्हिडिओ यूट्यूबवर पडलेत, आणि हॉटेलात चहाच्या टेबलावर झडणारी निम्मी मतं त्याच पंधरा मिनिटांची असतात. पथ्य एकच. त्या व्हिडिओवाल्याचं 'तो दोस्तों' तोंडात बसतं. मत देताना ते बाहेर पडलं की पितळ उघडं पडलं म्हणून समजा.

ज्यांना खरोखर बघूनच मत द्यायची हौस आहे, त्यांनी 'मेमरीज ऑफ मर्डर'पासून सुरुवात करावी. बाँग जून-होचा, २००३ सालचा. जानेवारी २०२० मध्ये आपल्याकडं साहित्य संमेलन झालं आणि पुढच्याच महिन्यात या माणसाच्या 'पॅरासाइट'ला ऑस्कर मिळालं. संमेलनातून मोकळी झालेली बरीच मतं तेव्हा तिकडं वळली. पण आपल्या माणसानं आधी बघायचा तो हाच, कारण यात सेऊल कमी आणि रानं जास्त. ह्वासाँग भागात १९८६ ते १९९१ या काळात दहा बायकांचे खून झाले, त्यावर तो बेतलेला आहे. पहिलं प्रेत सापडतं तेच भाताच्या शेताकडेच्या झाकलेल्या चारीत.

कुठं बघावा? घरी बघू नका, घरी कुणी ना कुणी मध्येच 'हा कोण?' विचारतं. उत्तम जागा म्हणजे विहिरीवर, रात्रीची लाईट असते त्या आठवड्यात. हरभऱ्याला दारं धरायला गेलेला माणूस मोबाईल स्टार्टरच्या पेटीला टेकवून ठेवतो, अंगावर घोंगडी घेतो आणि एकाच कानात हेडफोन घालतो. दुसरा कान मोटारीकडं, कारण आवाज बदलला की पाणी तुटलं. सरी भरली की पिक्चर थांबवायचा, खोऱ्यानं दार मोडून पाणी पुढच्या सरीत घ्यायचं, चिखलाचं बोट पँटला पुसून पुन्हा सुरू करायचा. आता पडद्यावर पावसाची रात्र आहे, बाई एकटी चाललीय, मागच्या पिकातून हळूच एक डोकं वर येतं, आणि त्याच घडीला शेजारच्या उसात रानडुक्कर खसफसतं. असा प्रेक्षक सकाळी जे मत देतो, त्यापुढं शहरातल्या समीक्षकांनी हात टेकावेत.

आता नावांचं बघू. 'सगळ्यांची तोंडं सारखीच, कोण मेलं तेच कळंना' हे मत देऊ नये, ते फार जुनं झालं. त्यापेक्षा गावात नावं ठेवतो तशी ठेवावीत. हिरो साँग कांग-हो हा 'जाडा', राजधानीतून आलेला तो 'सेऊलवाला', आणि मारताना वळ उठू नयेत म्हणून बुटाला कापड चढवून संशयितांना तुडवणारा तो 'बूटवाला'. तीन नावांवर पिक्चर निभतो.

पोलीस भरतीच्या पोरांसोबत बसणार असाल तर तयारी करून जा. पहाटे ग्राउंड मारून आलेली ही मंडळी पंचनाम्यापासून सुरू होतात. 'आधी जागा दोरी लावून बंद करायची ना!' यावर त्यांचं एकमत असतं. पिक्चरमध्ये रानात पावलाचा ठसा सापडतो आणि साहेब बोंबलत असतानाच ट्रॅक्टर त्यावरून जातो. पोरं कपाळाला हात लावतात. शेजारी बसलेले एखादे आप्पा मात्र ट्रॅक्टरवाल्याची बाजू घेतात. 'त्यो तरी काय करंल, वाटच तेवढी हाय.' माझ्या मते हे या पिक्चरवरचं सगळ्यात अभ्यासू मत आहे. तपास पोलिसांच्या ढिसाळपणामुळं जितका बिघडतो, तितकाच बांधावरच्या रोजच्या रहदारीनंही बिघडतो, हे पाठ्यपुस्तकात कुठं असतं?

'हे तर हिंदीत आधीच आलंय' हे मत सोपं आणि भारदस्त, पण साल बघून बोला, नाहीतर उलटतं. 'ओल्डबॉय' २००३ चा, त्याच्याशी कमालीचा जुळणारा 'झिंदा' २००६ चा. 'रॉकी हँडसम' आपल्या निशिकांत कामतांनी २०१६ साली केला, तो २०१० च्या 'द मॅन फ्रॉम नोव्हेअर'वरून. टेबलावर निवृत्त गुरुजी असतील तर ते 'पाठलाग' काढणारच. काढू द्या. राजा परांजप्यांचा १९६४ चा मराठी सस्पेन्स दोन वर्षांत हिंदीत 'मेरा साया' होऊन आला, ही त्यांची हक्काची इस्टेट आहे.

खरी परीक्षा शेवटावर. इथं बहुतेकांचं टाळकं सरकतं. 'खुनी घावतच नाय, मग सव्वादोन तास काय बघत बसलाव?' शेवट फोडला म्हणून माझ्यावर ओरडू नका. खुनी सापडला नाही हे २००३ साली कोरियातल्या प्रत्येक माणसाला तिकीट काढतानाच ठाऊक होतं, तरी थिएटरं भरली. तुळजापूरच्या गोंधळात आख्यानाचा शेवट पोराबाळांनाही पाठ असतो आणि तरी माणसं संबळ थांबेपर्यंत उठत नाहीत, तसंच हे. पुढं काय होणार हे माहीत असूनही जीव टांगणीला लावणं हेच बाँगचं कसब. त्याविषयी दोन शब्द बोललात तर नवशिके राहिला नाहीत.

शिवाय खुनी पुढं सापडला. २०१९ मध्ये जपून ठेवलेल्या पुराव्यांवरचा डीएनए ली चून-जे नावाच्या माणसाशी जुळला. मेहुणीच्या खुनासाठी तो १९९४ पासून तुरुंगातच होता. त्यानं कबुली दिली, पण मुदत कधीच उलटून गेल्यामुळं या खुनांचा खटला चालवता येईना. त्यातल्या एका खुनासाठी भलत्याच माणसानं वीसेक वर्षं तुरुंगात काढली होती. त्याची निर्दोष सुटका झाली डिसेंबर २०२० मध्ये. त्याच फेरसुनावणीत ली साक्षीला आला. हा पिक्चर आपण तुरुंगात बघितला, नुसता पिक्चर म्हणून बघितला, काही वाटलं नाही, असं त्यानं सांगितलं. तेव्हा 'काय खास वाटलं नाय बुवा' हे मत टेबलावर ठेवण्याआधी ते कुणाच्या तोंडून येऊन गेलंय एवढं ध्यानात असू द्या.

एवढं सगळं सांगून झालं की समोरून एकच प्रश्न येतो. 'हिंदीत हाय का?' सबटायटल वाचत बघावा लागंल म्हणालात की अर्धं टेबल उठतं. म्हणून चहाचे पैसे कोण देणार ते आधी ठरवून घ्यावं, उत्तर मग द्यावं.