शिरस्तेदार

ज्या गृहस्थांविषयी मी लिहीत आहे ते पुण्याच्या कोणत्याही पेठेत, कोणत्याही वाड्याच्या ओट्यावर, सकाळी कचेरीला निघालेल्या मंडळींच्या वाहनांवर नजर ठेवून बसलेले आढळतात. उभी हयात कोर्टाच्या दप्तरात फिर्यादी, कैफियती आणि जबान्या क्रमवार लावण्यात गेली, पुढे रीतसर पेन्शन झाली, तरी तपासाची खुमखुमी काही शमली नाही, आणि पिंजऱ्यात उभे करण्यास मनुष्यप्राणी मिळेनासा झाला तेव्हा त्यांनी मोटारींना उभे केले, असा त्यांचा पूर्वेतिहास. आळीत त्यांना अजूनही शिरस्तेदार म्हणतात. स्वतःची मोटार त्यांच्यापाशी नाही, व ती नसणे हीच आपल्या निःपक्षपातीपणाची सनद होय, असे त्यांचे मत आहे.

पंक्चर, उतरलेली बॅटरी, तुटलेला पट्टा असल्या किरकोळ बाबींत ते लक्ष घालीत नाहीत. ती कामे कोणीही करील. मात्र एखादी गाडी वेगात निमूट धावते आणि हळू चालवू लागताच, विशेषतः सिग्नलवरून सुटताना, अंगात आल्यासारखी थरथरते, अशी वार्ता कानी आली की शिरस्तेदार उपरणे सावरून उठतात. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटसाठी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत, त्या काळातली ही गोष्ट. तेव्हा अशी थरथर ही एका घराची खाजगी बाब राहत नसे, सबंध आळी तिची दखल घेई. आमच्या वाड्यातल्या फिर्यादीची फियाट आधीच वार्धक्याला टेकलेली होती, त्यामुळे तिच्या जन्मदात्यांकडे बोट दाखविण्याची सोय नव्हती.

“उभ्या-उभ्या थरथरते, की चालताना?”

“चालताना, काका.”

“प्रश्न पुरता ऐकून घ्या. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू, पाय कोठेही नाही. तेव्हा थरथरते की नाही?”

फिर्यादीने याचा विचारच केलेला नव्हता. कोणीच केलेला नसतो. आणि येथे शिरस्तेदारांची थोरवी मान्य केली पाहिजे, कारण या एका प्रश्नाने निम्मा तपास संपतो. जागच्या जागी गाडी थरथरली तर दोष इंजिनाचा. मग चार प्लगांच्या वायरी एकेक करून काढावयाच्या; जी काढली असता इंजिन आणखी लंगडते तो सिलिंडर कामसू, आणि जी काढल्याने काहीच फरक पडत नाही तो कामचुकार. (ही कसोटी शिरस्तेदारांच्या जुन्या कचेरीस कोणी लावली नाही म्हणूनच ती कचेरी अद्याप भरलेली दिसते.) उभी असताना गाडी शांत असेल आणि क्लच सोडता-सोडता थरथरत असेल, तर क्लच प्लेट तरी, नाहीतर इंजिन ज्यांवर बसते ती फाउंडेशनची रबरे तरी. साठ-सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग हातात नाचू लागले तर चाकांचे बॅलन्सिंग पहावे. पण ते प्रकरण शिरस्तेदारांच्या मते निराळ्या न्यायासनाकडे वर्ग करण्याजोगे. हा क्रम निर्दोष आहे. कित्येक मिस्त्री तो सोडून आधी कार्बोरेटर उघडतात, ते केवळ तो वरच्या बाजूला असून हाताला चटकन लागतो म्हणून.

बॉनेट उघडले गेले. शिरस्तेदारांनी प्रत्येक भागाला तर्जनीच्या टोकाने स्पर्श केला, आणि प्रत्येक स्पर्शानंतर मिस्त्रीच्या पोऱ्याकडून कॉटन वेस्टचा नवा बोळा मागून घेऊन ती तर्जनी स्वच्छ पुसली. चारही प्लग निर्दोष सुटले. हँडब्रेक ओढून, गाडी पहिल्यात टाकून क्लच किंचित सोडविला, तेव्हा इंजिन जागचे फारसे ढळले नाही. सबब रबरेही सुटली. राहता राहिला क्लच. परंतु गुन्हा कोठे घडला एवढ्यावर ज्याचे समाधान होते तो शिरस्तेदार कसला? तो कोणी केला, हा खरा प्रश्न.

“गाडी चालवताना डावा पाय कोठे असतो?”

फिर्यादीने घराच्या सज्जाकडे पाहिले.

“क्लचवर असतो,” सज्जातून त्याच्या सौभाग्यवतींनी जबानी दिली. “मी सांगून दमले, काका.”

मागे निवाडे ऐकविताना लागे तोच स्वर शिरस्तेदारांना लागला. क्लचच्या पेडलवर पाय विसावलेला असला म्हणजे प्लेट अर्धवट सुटते, घासते, तापते, चकाकते आणि मग सरळ न पकडता झटके देत पकडते. तात्पर्य, गाडी निष्कलंक असून फिर्यादीचा डावा पाय दोषी आहे. असा निकाल देताना त्यांच्या मुद्रेवर जे समाधान विलसले ते दुरुस्त झालेली गाडी पाहून कधीही विलसत नाही. दुरुस्त गाडी म्हणजे निकालात निघालेले प्रकरण. त्यात पाहण्यासारखे काय उरते?

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने गाडीखाली निजून प्रॉपेलर शाफ्ट सोडविला, गिअरबॉक्स उतरविला आणि प्लेट बाहेर काढली. ती तेलाने काळी चिक्क झाली होती. क्रँकमागचे सील कडक होऊन पाझरत होते, तेल प्लेटच्या अस्तरावर पडत होते, आणि असली प्लेट क्षणात पकडते, क्षणात सुटते. थरथरीचे मूळ ते. फिर्यादीने आशेने वर पाहिले.

“म्हणजे पाय सुटला ना, काका?”

“तेल सहआरोपी आहे,” शिरस्तेदार म्हणाले. “पायाची शिक्षा कायम.”

नाना पेठेतून नवी प्लेट आणि नवे सील आले, गिअरबॉक्स पुन्हा चढला, फियाट वाड्यातून पहिल्या गिअरमध्ये अशी सुळकन निघाली की सज्जातून टाळ्या पडल्या. शिरस्तेदारांनी तिकडे पाहिलेही नाही. त्यांनी मिस्त्रीचे बिल मागवून घेतले होते व चष्मा पुसून ते कलमवार तपासीत होते. प्लेट मंजूर झाली. सील मंजूर झाले. गिअरबॉक्स उतरविण्या-चढविण्याची मजुरी, थोडी कुरकुर करून, मंजूर झाली. शेवटच्या कलमाशी मात्र तर्जनी थबकली.

“कॉटन वेस्ट, एक पुडका? एवढ्याशा कामाला सबंध पुडका? हे मी नामंजूर करतो.”

पोऱ्या हात पुसायला काही मिळते का ते शोधीत होता. तो मान वर न करता म्हणाला, “काका, तो तुमच्याच बोटाला लागला.”