आधी बाबांना विचार

आपल्याकडे लैंगिक शिक्षण नियमित चालू आहे. फक्त ते शाळा सुटल्यावर सुरू होतं आणि मास्तर मोबाइलमध्ये बसतो.

शाळेने हात झटकले, त्याला बरीच वर्षं झाली. २००७ मध्ये या विषयाच्या पुस्तकांवरून आमदारांनी गदारोळ केला आणि महाराष्ट्र सरकारने विषयच बासनात गुंडाळला. संस्कृती वाचली.

मग स्वस्त डेटा आला.

समलिंगी आणि ट्रान्स मुलांसाठी काही करायचं म्हटलं तर? २०२१ मध्ये एनसीईआरटीने ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत कसं सामावून घ्यावं, यावर एक पुस्तिका काढली. संकेतस्थळावर चढवली. तक्रार झाली. काही दिवसांत उतरवली. पुस्तिका मुलांसाठी नव्हतीच, शिक्षकांसाठी होती. पण काही गोष्टी कळायचं शिक्षकांचंही वय झालेलं नसतं.

उरला फोन. तिथे सगळं मिळतं म्हणे. मिळतं की! पॉर्नची साइट विचारते, ‘अठरा पूर्ण आहेत का?’ पोरगं म्हणतं, हो. झाली पडताळणी.

शहाणपणाची माहिती देणाऱ्याला मात्र इतकं सोपं नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा म्हणतो, अठराखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळलेली संमती हवी. म्हणजे हा नियम पूर्ण अमलात आला की सतरा वर्षांच्या मुलाने कुठे खातं उघडून विचारायचं, ‘मला मुलगे आवडतात, माझं काही चुकतंय का?’ आणि उत्तराआधी बाबांच्या फोनवर ओटीपी.

दवाखान्यांना आणि शाळांना यातून काही सूट आहे. शाळेचं वर वाचलंतच.

दवाखान्याचंही ऐका. २०२४ च्या ऑगस्टअखेर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम काढला. त्यात समलिंगी संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यां’च्या यादीत. प्रौढांचे राजीखुशीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येऊन तेव्हा सहा वर्षं होत आली होती. आरडाओरडा झाला, सप्टेंबरमध्ये अभ्यासक्रम मागे घेतला. आपण मुलांना सांगतो, ‘लाजू नका, डॉक्टरांशी बोला.’ डॉक्टरांशी आधी कोण बोलणार?

पत्र लिहून निनावी प्रश्न विचारायची सोय या महाराष्ट्रात पूर्वी होती. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचक विचारत, कर्वे उत्तर देत. समलैंगिकतेबद्दलही. १९३४ मध्ये त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तरीही हरले. दंड दोनशे रुपये.

आता दंड होत नाही. आता व्हिडिओ दिसेनासा होतो. २०१७ मध्ये यूट्यूबच्या ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ने एलजीबीटी मंडळींचे साधे, अंगभर कपड्यांतले व्हिडिओसुद्धा झाकून ठेवले आणि बोंब झाल्यावर कंपनीने चूक कबूल केली. मॅजिस्ट्रेटपुढे निदान आंबेडकर उभे करता येत होते. अल्गोरिदमपुढे कोण उभं राहणार?

हेल्पलाइन आहे ना! आहे. पण मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या पोक्सो कायद्यात अठराखालच्या व्यक्तीच्या संमतीला किंमत नाही आणि गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, कलम १९. सतरा वर्षांचा मुलगा आपल्या वर्गमित्राबद्दल मन मोकळं करायला लागला, की समुपदेशकाच्या पोटात गोळा. ऐकून घेणाऱ्यालाच वाटतं, बाळा, पुढचं सांगू नकोस.

चॅटबॉट अधिक सभ्य. तो म्हणतो, ‘एखाद्या विश्वासू मोठ्या व्यक्तीशी बोला.’

ती सापडत नाही म्हणून तर पोरगं रात्री दोन वाजता तुझ्याकडे आलंय, शहाण्या!

आता संमतीकडे येऊ. सध्या या शब्दाची चलती आहे. व्याख्यानं होतात, पोस्टर लागतात: मुलगी नाही म्हणाली तर नाही. उत्तम. आणि मुलगा मुलाला नाही म्हणाला तर? पोस्टरवर जागा संपली.

कायद्यातही संपली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि ‘अनैसर्गिक’ संबंधांचं जुनं कलम ३७७ अख्खंच गेलं. प्रौढांच्या राजीखुशीचा भाग न्यायालयाने आधीच काढला होता. जबरदस्तीचा भाग उरला होता, तोही गेला. बलात्काराच्या कलमात पीडित म्हणून फक्त स्त्री. अठराखालच्या मुलाला पोक्सो आहे. अठरावा वाढदिवस झाला की केक मिळतो, कलम जातं.

ट्रान्स व्यक्तीसाठी २०१९ मध्ये वेगळा कायदा केला. त्यात लैंगिक अत्याचाराला शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं. स्त्रीवरच्या बलात्काराला किमान दहा. समानता टप्प्याटप्प्याने येते म्हणतात.

डेटिंग अ‍ॅपवर संमतीचा तास कसा चालतो, पाहिलाय? ‘हाय.’ ‘पिक?’ ‘प्लेस?’ तीन शब्दांत मुलाखत संपली. ‘कंडोम आहे?’ हा चौथा प्रश्न विचारला तर समोरचा ब्लॉक करेल, ही भीती. ‘आत्ता नको वाटतंय’ हे वाक्य तर कुणी शिकवलेलंच नाही. बोलावलंय म्हणजे सगळं कबूल, असं दोघंही धरून चालतात. आणि ‘पिक’ म्हणून धाडलेला फोटो त्या एकाच माणसासाठी होता, हे सांगायची कुणाला गरज वाटत नाही.

गरज अ‍ॅपवर टपलेल्या खंडणीखोर टोळीला बरोबर कळते. त्यांचा ठरलेला कार्यक्रम असतो. प्रोफाइलवर जिममधला फोटो, गोड बोलणं, भेट त्याच्या खोलीवर. पोरगं आत गेलं की पाच मिनिटांत तिघं-चौघं ‘भाऊ’ हजर. एक कडी लावतो, दुसरा व्हिडिओ काढतो, तिसरा शांतपणे विचारतो, ‘बापाचा नंबर सांग.’ मग यूपीआय. खात्यातले संपले की मित्राला फोन लावून उसने मागायला लावतात, स्पीकर चालू ठेवून. मुंबई-पुण्यापासून नोएडापर्यंत अशा टोळ्या पोलिसांनी पकडल्या आहेत.

पकडल्या, कारण कुणीतरी तक्रार केली. बाकीचे करत नाहीत. त्यांना वाटतं, गुन्हेगार आपणच. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने काय सांगितलं, हे टोळीला पक्कं ठाऊक असतं. पोराला नसतं.

खरं तर या धड्याला अर्धं पान पुरे. धमकावून पैसे काढणं ही खंडणी. गुप्तांगाचा फोटो संमतीविना काढणं, पसरवणं हा आयटी कायद्याच्या ६६ई कलमाखाली गुन्हा. आणि तिथे स्त्री-पुरुष असा भेद नाही, कुणीही व्यक्ती. सायबर फसवणुकीला १९३०. उघडे फोटो पसरू नयेत म्हणून प्रौढांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’, अठराच्या आतल्या फोटोंसाठी ‘टेक इट डाउन’. फोटो आपल्याच फोनमध्ये राहतो, फक्त त्याचा सांकेतिक ठसा कंपन्यांकडे जातो. फुकट. मराठीत हे सलग, सोप्या भाषेत लिहिलेलं मिळतं कुठे? मिळतात ते ‘गुप्तरोग, शीघ्रपतन, खात्रीशीर इलाज’वाले. त्यांची भाषा मात्र कशी स्वच्छ!

संस्थांची भाषा उघडून बघा. ‘लैंगिक व प्रजनन आरोग्य हक्कांबाबत युवा सक्षमीकरणाचा सर्वसमावेशक आराखडा.’ जालन्याच्या मुलाला विचारायचं असतं, तोंडावाटे केलं तर काही होतं का. आराखड्यात ते असेलही. परिशिष्टात.

आणि मुली? मुलींवर प्रेम करणाऱ्या मुलींना तर माहितीपत्रकही नाही. एचआयव्हीच्या निधीतून पुरुषांसाठी आणि ट्रान्स व्यक्तींसाठी निदान पत्रकं छापली गेली, कंडोम वाटले गेले. या मुलींमुळे साथ पसरत नाही, म्हणून त्या सरकारदरबारी नाहीतच. दोघी घर सोडून गेल्या की मग दिसतात. ‘बेपत्ता’च्या नोंदीत.

एक माहिती तरी आजच्या आज सगळ्या फोनवर जायला हवी. एचआयव्हीचा धोका घडून गेला असेल तर ७२ तासांच्या आत पीईपीची औषधं सुरू करायची. जितकी लवकर तितकी बरी, अठ्ठावीस दिवस घ्यायची. लागण टळू शकते.

समजा, शुक्रवारी रात्री दहाला कंडोम फाटला. वय एकोणीस. शनिवार घाबरण्यात गेला. रविवार गूगल करण्यात, त्यातही निम्मा वेळ लिंबू-मधाच्या उपायांत. सोमवारी सकाळी दहाला पोरगं धीर करून रुग्णालयाच्या खिडकीशी उभं. साठ तास गेलेले. केसपेपर काढणाऱ्या बाई मान वर न करता विचारतात, ‘सोबत मोठं कुणी आहे का?’

नाही म्हटल्यावर त्या म्हणतात, ‘मग बाबांना घेऊन ये.’