पायथ्याचे नाना

आमच्या रविवारच्या टोळक्यात सगळ्यांत भारी बूट नानांचे. घोट्याच्या वर येणारे, पाण्याला आत न घेणारे, आणि किंमत विचारली की नाना ज्यांच्याविषयी "जाऊ दे" म्हणतात ते. घेऊन चार वर्षं झाली, तरी तळव्याच्या खाचा दुकानातल्यासारख्या कोऱ्या आहेत. नाना प्रत्येक ट्रेकला येतात आणि एकाही गडावर चढत नाहीत.

नवख्याला हे लगेच उमगत नाही. पहाटे साडेचारला कात्रजला सगळ्यांच्या आधी उभे असतात तेच. कपाळाला दिवा, पाठीवर सॅक, सॅकच्या दोन्ही बाजूंना घडीच्या काठ्या. नवख्याला वाटतं, हेच लीडर. गाडी चेलाडी फाट्याला महामार्ग सोडून नसरापूरकडे वळली की पुढच्या सीटवरून नाना मान मागे वळवतात आणि राजगड सांगायला घेतात. उंची १३७६ मीटर. गुंजवण्याहून चोरदरवाजाची वाट कुठवर झाडीतून आहे, कुठे सोंडेवर ऊन लागतं, शेवटच्या कातळात रेलिंगला धरून कसं चढायचं, दरवाजातून वाकून आत शिरलं की समोर पद्मावती तलाव कसा दिसतो. मग सुवेळा माचीचं नेढं आणि संजीवनीची दुहेरी तटबंदी. मार्गासनी येईपर्यंत बालेकिल्लाही होऊन जातो. आमचे पाय दुखायला लागतात.

गुंजवण्यात गाडी थांबते. मावशींच्या पडवीत नाना सॅक टेकवतात, बुटांच्या नाड्या सोडतात आणि म्हणतात, "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच."

त्या "आलोच"ला चार वर्षं झाली.

कारण मात्र दर खेपेला नवं, ही त्यांची कलाकारी. लोहगडाला पायऱ्या आहेत आणि पायऱ्या चढण्याला ट्रेक म्हणत नाहीत. हरिश्चंद्रगडाला पाचनईची वाट सोपी पडते, त्यात मजा नाही, जाईन तर नळीच्या वाटेनेच. आणि नळीच्या वाटेचा बेत ठरला त्या आठवड्यात गुडघा. मग आम्ही एक डाव टाकला. साम्रदला जाऊन सांदण दरी करायची ठरवली. तिथे तर चढायचं नाही, उतरायचंच आहे. नानांनी दरीच्या तोंडाशी उभं राहून आत नीट पाहिलं आणि म्हणाले, "जे नंतर चढावं लागणार ते उतरायचं कशाला?" याला उत्तर आजवर कुणाला सुचलेलं नाही.

तरी माणूस गडांचा वेडा आहे, हे मान्य करायला हवं. २०२५च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत महाराजांचे १२ किल्ले गेले, त्यांत राजगड होता. नानांनी पेढे वाटले. पायथ्याला. वरून आलेल्यांना दोन-दोन.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. खोऱ्यात लावणी उरकून भात गुडघ्याला आलं होतं, गड ढगात. आम्ही वर गेलो, धुक्यात एकमेकांच्या पाठी पाहिल्या, बालेकिल्ल्याच्या निसरड्या पायऱ्यांवर प्रत्येकाने आपापल्या कुलदैवताची आठवण काढली आणि तीनच्या सुमारास चिंब होऊन परत आलो. पडवीत नाना नाहीत. मावशी चुलीपुढे भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "नाना व्हय? ते गेल्यात शिवारात. पार वढ्याच्या पल्याड."

झालं होतं असं, की पीक पाहणी मोबाइलवर करायची होती आणि मावशींच्या फोनला ते झेपेना. नानांनी आपल्या फोनवर करून दिली. पिकाचा फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो, म्हणून वावरात गेले. तिथे शेजारच्या आबांनी विचारलं, "आमचंबी बघता का?" आबांनंतर आबांचे भाऊ. भाऊबंदकीत जमिनीचे तुकडे किती आणि कुठे कुठे पडतात हे ज्याला माहीत आहे, त्याला पुढचं सांगायला नको. कुणाचं खाचर ओढ्याकाठी, कुणाची नाचणी डोंगराच्या पोटाला.

नाना आले ते बांधावरून तोल सावरत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पोटऱ्या चिखलाने माखलेल्या, अनवाणी. बूट कोरडे, पडवीत, आम्ही सोडून गेलो तिथेच. आमच्यातल्या एका आगाऊ मुलाने त्यांच्या मनगटावरचं घड्याळ बघितलं. एकवीस हजार पावलं. आमची सतरा हजार भरली होती.

"चढ किती दाखवतंय?" कुणीतरी खवचटपणे विचारलं.

"चढ मोजायला मी काय घाटातला ट्रक आहे?" म्हणून नाना पाटावर बसले. पहिली भाकरी त्यांच्या ताटात पडली. पिठलंही आधी त्यांनाच. आम्ही पैसे देऊन जेवणारी गिऱ्हाइकं, आम्हाला "बसा, वाढते." नानांना मात्र, "आवं, किती वाळलाय!" नाना वाळलेले कुठल्याही कोनातून दिसत नाहीत.

परवा पुण्याला एक पाकीट आलं. मावशींच्या धाकट्या मुलीचं लग्न. एवढ्या वर्षांत कुणी आडनाव विचारलेलं नसावं, कारण पाकिटावर निळ्या शाईत एवढंच होतं: "श्री. नाना, पुणे." आणि त्याखाली कंसात: "व वर जाणारी मंडळी."

मुहूर्त दुपारी साडेबाराचा, मांडव दारातच. पहाटे निघून गड करून मुहूर्ताला खाली उतरायचं, असं वर जाणाऱ्या मंडळींनी ठरवलं आहे. पुढची सीट नानांची. बूट मात्र या खेपेला घरीच ठेवणार म्हणाले. लग्नात चोरीला जातात.