पैला पार्ट

त्यांचं खरं नाव आधार कार्डावर आहे आणि ते तिथेच सुखात आहे. ते नाव घेऊन पालममध्ये कुणी पत्ता विचारला, तर भिंतीला भिंत लागून राहणारा शेजारीसुद्धा "नवीन आलेत का?" असं उलट विचारील. पण 'पैला पार्ट कुठं राहतात?' म्हणा, लोह्याच्या रस्त्यावरचा पंक्चरवाला ट्यूब पाण्यात तशीच ठेवून दारापर्यंत सोडायला येतो. तोंडावर मात्र सगळं गाव त्यांना मामा म्हणतं.

वय पंचावन्नच्या पुढे, केसांना मेंदी, खिशात चुन्याची डबी. हॉटेलात बसायची जागा ठरलेली. त्या बाकड्यावरून रस्त्याने येणारा प्रत्येक जण दिसतो आणि त्याला हाक मारता येते. नवा माणूस दिसला की मामा त्याला आधी चहा सांगतात, मग प्रश्न टाकतात, "पैला पार्ट बघितलाय का?"

एकदा पूर्णेकडचे एक पाहुणे सापडले. बिचारे शेतकरी. त्यांना वाटलं वाटणीचं विचारायलेत. "नाही हो," ते म्हणाले, "आमच्यात अजून पार्ट पडले नाहीत, थोरले भाऊच बघतात सगळं." मामांनी त्यांचा चहा अर्धा केला.

प्रश्न असतो 'झपाटलेला'चा. महेश कोठाऱ्यांचा, १९९३ सालचा. तात्या विंचू नावाचा गुंड मरताना मंत्राच्या जोरावर आपला जीव एका बोलक्या बाहुल्यात घालतो आणि तो बाहुला लक्ष्याच्या गळ्यात पडतो, ही गोष्ट महाराष्ट्रात सांगायची गरज नाही. मामांसमोर तर सांगूच नये. तुम्ही 'गुंड मरतो' म्हणालात की ते विचारतात, "कुठं मरतो? कोण मारतो? गोळी कुठं लागली पाहिजे?" आणि दोन भुवयांच्या मधोमध स्वतःचंच बोट टेकवून तुमच्याकडे असं बघतात की चूक आपलीच वाटावी.

मामांच्या लेखी माणसांच्या जाती पाच. सगळ्यांत वर तंबूवाले. यात्रेतल्या टुरिंग टॉकीजमध्ये मातीत बसून ज्यांनी तो पाहिला ते. पालममध्ये या जातीचं एकच घर आहे, ते मामांचं. त्याखाली व्हिडिओवाले, म्हणजे गणपतीत टीव्ही-व्हीसीआर भाड्याने आणून एका रात्रीत तीन कॅसेटी संपवणारे. त्याखाली टीव्हीवाले. मी त्यात मोडतो. त्याखाली दुसऱ्या पार्टापासून सुरुवात केलेले चष्मावाले, आणि सगळ्यांत तळाला, वेशीबाहेर म्हणा ना, रीलवाले. खालच्याने वर चढायची सोय नाही. मी एकदा प्रयत्न केला होता. म्हणालो, "मामा, मी टीव्हीवर शंभरदा तरी बघितला असेल."

"जाहिरातीसकट?"

"हो, म्हणजे लागायच्याच की."

"मग पन्नासदाच झाला."

त्यांची कालगणनाही वेगळी आहे. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्याकडची माणसं पक्कं घर असूनही अंगणात बाजा टाकून झोपत होती. तेव्हापासून 'भूकंपाच्या आधीचा' हा जुनेपणाचा शेवटचा शिक्का झाला. घराला लागतो, लग्नाला लागतो, कर्जाला लागतो. मामांनी तो सिनेमाला लावला. "म्या भूकंपाच्या आधी बघितलाय. तवा हिंगोली आपल्याच जिल्ह्यात व्हती." हिंगोली १ मे १९९९ ला परभणीतून वेगळी झाली. ते मामांना आवडलेलं नाही. हिंगोलीचा विषय निघाला की ते म्हणतात, "ते काय, परभणीचा दुसरा पार्टच की."

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही लहानपणापासून म्हणत आलो. का म्हणतो ते जर्मनीलाही माहीत नसावं. पण या म्हणीतला सगळा ताठा एका माणसात बघायचा असेल तर मामांची तोंडी परीक्षा बघावी. कॉलेजातली दोन पोरं एकदा हॉटेलात बसली होती. एकाच्या मोबाइलच्या कव्हरवर तात्या विंचूचं चित्र. मामांनी बाकडं सरकवलं.

"तात्याच्या जोडीदाराचं नाव सांग."

पोरगं बीएस्सीचं, हुशार. छातीठोक म्हणालं, "कवट्या महाकाळ!"

माळकऱ्याच्या ताटात मटणाचा रस्सा सांडावा तसे मामा उठून उभे राहिले. कवट्या महाकाळ 'धडाकेबाज'मधला; तो सिनेमा १९९० चा. तात्याचा जोडीदार कुबड्या खवीस. पोरानं तीन वर्षांची आणि एका अख्ख्या सिनेमाची चूक केली होती. तरी मामांनी दुसरी संधी दिली.

"बरं, तात्याचं काम कुणी केलं?"

"बाहुल्यानं."

यावर मामा काही बोलले नाहीत. नुसते हॉटेलवाल्याकडे बघून म्हणाले, "ह्यांचे चहाचे पैसे ह्यांच्याकडूनच घे." बाहुला रामदास पाध्यांनी घडवलेला आणि तात्या दिलीप प्रभावळकरांचा, हे त्या पोरांना मग मी हळूच सांगितलं. "म्हणजे मुन्नाभाईतले गांधीजी?" एकानं विचारलं. आमच्या आईला ते चिमणराव म्हणून माहीत होते, मला तात्या विंचू म्हणून आणि या पोराला गांधीजी म्हणून. तिघांचंही बरोबर. पण मामांच्या दरबारात बरोबर उत्तर एकच असतं आणि तेही उशिरा दिलं तर चालत नाही.

दुसरा पार्ट ७ जून २०१३ ला आला. मराठीतला पहिला थ्रीडी सिनेमा म्हणून गवगवा झाला होता. पोरं जीप करून नांदेडला निघाली. मामांचा भाचा, तेव्हा विशीतला, त्यांना आग्रह करून घेऊन गेला. थेटरात प्रत्येकाला चष्मा मिळाला. मामांनी तत्त्व म्हणून तो लावला नाही. "आमी पैला डोळ्यानं बघितलाय, ह्यो बी डोळ्यानंच बघणार." थ्रीडीचं चित्र चष्म्याशिवाय बघितलं की एकाची दोन दिसतात, कडा फाकतात. मामांना अडीच तास दोन-दोन तात्या, चार-चार हिरॉइनी दिसल्या. बाहेर आल्यावर त्यांनी निकाल दिला, "पैशाची नासाडी. एकाच्या जागी दोन-दोन माणसं कामाला लावायलेत."

पण खरं दुखणं दुसरंच होतं. लक्ष्याचं काम करणारे लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ ला गेले. दुसऱ्या पार्टात लक्ष्याच्या मुलाच्या भूमिकेत आदिनाथ कोठारे होता. परतीच्या जीपमध्ये पोरं बाहुला कसा अंगावर आला ते एकमेकांना सांगत होती आणि मामा खिडकीकडे तोंड करून बसले होते. लोहा मागे पडल्यावर एकदम म्हणाले, "लक्ष्या नाही, मग झपाटायचं कुणाला?" जीपमध्ये कुणाकडेच उत्तर नव्हतं. मला विचाराल तर दुसरा पार्ट मामा म्हणतात इतका वाईट नाही, पण हा प्रश्न त्या सिनेमालाही सुटलेला नाही. मकरंद अनासपुरे त्यात आहे, मराठवाड्याचा माणूस, म्हणून मामांनी ग्रेसचे पाच मार्क दिले. एवढंच.

भाच्यानं चष्मा परत न करता खिशात घालून आणला. पुढे टीव्हीवर 'झपाटलेला' लागला की तो चष्मा लावून बसायचा. पैला पार्ट थ्रीडी नाही, त्या चष्म्यातून फक्त अंधारून आल्यासारखा दिसतो. "पण फील येतो," भाचा म्हणायचा. मामांनी त्या दिवसापासून त्याला 'चष्मा' हे नाव ठेवलं आणि भाचीच्या लग्नपत्रिकेत ते छापून यायचं थोडक्यात राहिलं.

मध्ये कुणीतरी शोध लावला की हे सगळं अमेरिकेच्या 'चाइल्ड्स प्ले'वरून घेतलंय. तो १९८८ चा, त्यातही मेलेला गुंड बाहुल्यात शिरतो आणि त्या बाहुल्याचं नाव चकी. वाटलं, मामा आता कोसळणार. मामा म्हणाले, "मग? बियाणं कुठून आणलं ते विचारायलास का पीक कसं आलं ते?" थोडं थांबून, "आणि चकी म्हणलं की आमच्याकडं दळण दळतेत." विषय संपला. या एका उत्तरासाठी मी त्यांची बाकीची सगळी अरेरावी माफ केली आहे.

आता तिसऱ्या पार्टाची बोलणी आहेत आणि लक्ष्याला कॉम्प्युटरच्या करामतीनं पडद्यावर परत आणणार, असं छापून आलंय. बातमी वाचून हॉटेलात जे झालं ते मात्र मला अपेक्षित नव्हतं. रीलवाली पोरं खुशीत होती. एक म्हणालं, "लै भारी होणार, आपण पहिल्या दिवशी जाऊ." तेवढ्यात कोपऱ्यातून भाचा उठला. त्याची आता तिशी उलटलेली, पोट सुटलेलं, सोयाबीनच्या भावाची काळजी करणारा माणूस. कमरेवर हात ठेवून म्हणाला, "तुम्हाला काय माहीत रे? आम्ही थ्रीडीत बघितलाय. नांदेडला. तिकीट काढून. दुसरा पार्ट बघितलाय का आधी?"

मी मामांकडे बघितलं. शिष्य तयार झाल्याचा आनंद दिसेल असं वाटलं होतं. दिसलं ते वेगळंच. वाटणीत आपली विहीर धाकट्याकडे गेल्यावर थोरल्याचा चेहरा होतो, तसा.

त्यानंतर मामांनी हुकमाचा पत्ता काढला. तसा तो जुनाच. पण एरवी तो सणासुदीला निघायचा, आता रोज निघायला लागला. "तुमी जो टीव्हीवर बघायलाव तो खरा पैला पार्ट नाहीच. खऱ्यात हवालदार डाव्या हातानं सलाम ठोकतो. लक्ष्याचं घड्याळ उजव्या हातात. मंबईवाल्यांनी टीव्हीसाठी दुसरी कापी काढली. खरी रीळ आमी बघितली." लोकांनी मोबाइलवर सिनेमा काढून दाखवला, सलाम उजव्या हाताचा, घड्याळ डाव्या मनगटावर. मामा म्हणायचे, "तेच सांगायलोय. बदललाय." तीस वर्षांत त्यांना कुणी खोडू शकलं नव्हतं, कारण दुसरा तंबूवाला साक्षीला नव्हता.

गेल्या महिन्यात पुतणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. मामा पलंगावर, नातू त्यांच्या पायाशी मोबाइल घेऊन. डाव्या सलामाचं कीर्तन सुरू झालं. मामी आत चहा टाकत होत्या. दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा पदराला हात पुसत दारात आल्या.

"डावा नाही तर काय उजवा दिसतोय? आपून मागून बघितलाय की."

"मागून म्हणजे?" मी विचारलं.

"माळेगावच्या यात्रेत. नवं नवं लगीन झालतं. तंबूत पडदा मधी होता. म्होरं माणसं, मागच्या अंगाला बाया. ह्यांला वाटलं, यात्रेच्या गर्दीत मी हरवायची, म्हणून हे आले अन् बायांतच बसले. समदं उलटं. सुरुवातीला नावं आली तर मला वाटलं उर्दूत हाय."

खोलीत शांतता पसरली. माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते मार्गशीर्षात. भूकंप झाला तेव्हा भाद्रपद चालू होता. मी मनातल्या मनात महिने मोजले आणि चहाच्या कपाकडे बघत राहिलो. मामांनी चुन्याची डबी उघडली, बंद केली, परत उघडली. कान लाल झाले होते. ते सिनेमामुळे की बायांतच बसल्यामुळे, सांगता येणार नाही.

"मग मी काय तिला एकटीला सोडू?" ते भिंतीकडे बघून म्हणाले.

मामी आत गेल्या. तेवढ्यात नातवाच्या मोबाइलमधून तात्या विंचूचं हसू आलं. रील चालू होतं. सिनेमाचे तुकडे चोरून टाकणारे लोक चित्र आरशासारखं पालथं करून टाकतात, म्हणजे चोरी धरणाऱ्या यंत्राला ते ओळखू येत नाही. नातवाला त्याचं काही नव्हतं. तो नुसता बघत होता. मामांनी सवयीनं तिरकी नजर टाकली आणि झडप घालून मोबाइल हातात घेतला. पडद्यावर खाकीतला माणूस खाडकन डावा हात कपाळाला नेत होता.

मामांनी चष्मा लावला. परत बघितलं. परत.

"ह्यो!" त्यांचा आवाज फाटला. "अगं ये, बाहेर ये! आपला सापडला!"

मामी गाळणी हातात घेऊनच आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "हां, ह्योच की." मामा पलंगावर सरकले, त्यांच्यासाठी जागा केली. नातवाला जवळ ओढलं, तळाच्या जातीतून उचलून थेट तंबूत घेतल्यासारखं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बोट केलं.

"ह्यांला दाखव रे. टीव्हीवाले हायेत, त्यांनी कुठून बघितला असंल."